हळवे मूल आणि पडद्यावरील करमणूक

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यात, दौंड-सोलापूर लोहमार्गावर वसलेले केम हे गाव कुंकवाचे गाव म्हणून महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. उत्तरेश्वराचे देवस्थान आणि कुंकवाचे कारखाने ही या गावाची दोन ठळक ओळखचिन्हे. लाल रंग माणसाच्या हातून तयार होतो, ही गोष्ट येथील शाळकरी मुलांना नव्याने सांगावी लागत नाही. परंतु अशाच एखाद्या गावातील चार वर्षांचे मूल घरातील दूरचित्रवाणी संचावर लाल रंगाने माखलेला चेहरा पाहते, तेव्हा तो रंग आहे हे त्याला उमगत नाही. ते दचकते, आईच्या पदरात तोंड लपवते आणि पुढे कित्येक रात्री अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकायला तयार होत नाही.

अशा वेळी घरातील मोठी माणसे बहुधा हसतात. "एवढ्याशा गोष्टीला काय घाबरायचे?" असे म्हणून विषय संपवला जातो. कधी त्याला भित्रे ठरवून धीट व्हावे म्हणून मुद्दाम तेच दृश्य पुन्हा दाखवले जाते. त्याने मुलाचे भय जात नाही. ते सांगण्याची त्याची इच्छा मात्र जाते. भय मनात ठेवून गप्प बसलेल्या मुलाला मदत करणे फार कठीण असते. म्हणून लहान मुलांनी पडद्यावर काय पाहावे, हा प्रश्न पालक, शिक्षक आणि गावाचे कारभारी या सर्वांनी विचारात घेण्याजोगा आहे.

निवडीचा भार घरावर

पूर्वी ही निवड बऱ्याच अंशी संस्था करीत असत. खेड्यातील मुलाला सिनेमा दिसे तो यात्रेच्या मैदानावरील टुरिंग टॉकीजच्या तंबूत, वर्षातून एखाद्या वेळी. केवळ मुलांसाठी चित्रपट तयार व्हावेत म्हणून १९५५ साली बालचित्र समितीची स्थापना झाली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि त्यावर मुलांच्या कार्यक्रमांना ठराविक वेळ मिळाली. शालेय मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम तयार करणारी 'बालचित्रवाणी' ही संस्था १९८४ साली पुण्यात उभी राहिली. कार्यक्रम थोडे होते. परंतु ते मुलांपर्यंत पोहोचण्यापूर्वी कोणीतरी जाणत्या व्यक्तीने ते मुलांच्या दृष्टीने पाहिलेले असत.

ही व्यवस्था आता राहिलेली नाही. बालचित्रवाणी २०१७ साली बंद झाली. बालचित्र समिती २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली. दुसरीकडे मोबाइल घरोघर पोहोचला आणि रडणाऱ्या मुलाच्या हाती तो देण्याची सवयही रुजली. एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू होते. ती कोणी निवडली, असे विचारले तर उत्तर देता येत नाही. जे काम संस्था करीत होत्या, ते आता आई, वडील, आजी किंवा थोरल्या भावंडाला करावे लागत आहे. त्यासाठी लागणारी माहिती मात्र त्यांच्यापर्यंत पुरेशी पोहोचलेली नाही.

लहान मूल काय पाहते?

मोठी माणसे कथा पाहतात. लहान मूल दृश्य पाहते आणि आवाज ऐकते. या विषयावर अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जोन कँटर यांनी अनेक वर्षे संशोधन केले. तेथील 'द इन्क्रेडिबल हल्क' या दूरचित्रवाणी मालिकेचा नायक संकटग्रस्तांना मदत करण्यासाठी अक्राळविक्राळ हिरव्या देहाचे रूप घेत असे. मोठ्या मुलांना तो रक्षणकर्ता वाटे; परंतु बालवाडीच्या वयातील मुलांना नेमके त्याचे रूप बदलतानाचे दृश्यच सर्वांत भयावह वाटत असल्याचे आढळले. हेतू चांगला आहे, हे त्या वयात कळत नाही. विद्रूप चेहरा तेवढा दिसतो.

साधारणपणे सात वर्षांपर्यंत मुलाच्या मनावर दिसण्याचा पगडा असण्यापेक्षा अधिक असतो. राक्षस, आक्राळविक्राळ मुखवटे, चेहरा पालटणे, अचानक होणारा मोठा आवाज, आईपासून ताटातूट या गोष्टी या वयात घाबरवतात. पुढे भयाचे स्वरूप बदलते. आठ-दहा वर्षांचे मूल राक्षसाला भीत नाही. अपघात, चोरी, आजार, पूर अशा खरोखर घडू शकणाऱ्या गोष्टींना ते भिते. त्यामुळे घरात मोठ्यांसाठी लावलेल्या बातम्यांतील दृश्येही थोरल्या मुलाच्या मनात घर करून राहतात, याकडे सहसा लक्ष जात नाही.

हळवेपणा हा दोष नव्हे

सर्व मुले सारखी नसतात. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दांपत्याने १९५६ सालापासून न्यूयॉर्क येथे बालकांच्या उपजत स्वभावांचा दीर्घकाळ अभ्यास केला. काही मुले नव्या गोष्टीला चटकन सरावतात, काही हळूहळू, तर काहींच्या प्रतिक्रिया तीव्र असतात, असे त्यांना आढळून आले. एकाच आईची दोन मुले एकच चित्रपट पाहून एक हसत आणि दुसरे रडत उठते, ते यामुळेच. हळवे मूल आवाज, प्रकाश आणि दुसऱ्याचे दुःख अधिक खोलवर टिपते. हा आजार नव्हे आणि लाडाने बिघडल्याची खूणही नव्हे. असे मूल भोवतालच्या माणसांना जपणारे आणि बारकाईने पाहणारेही असू शकते. त्याचा स्वभाव बदलण्याचा खटाटोप करण्यापेक्षा त्याच्या स्वभावाला मानवेल अशी निवड करणे अधिक शहाणपणाचे होय.

चांगला चित्रपट आणि सौम्य चित्रपट

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. कथा संस्कारक्षम असली म्हणजे ती लहान मुलासाठी सौम्य असतेच, असे नाही. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी १९५३ साली काढलेल्या 'श्यामची आई' या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. मराठी मनाचा तो ठेवा आहे. परंतु त्यात आईचा मृत्यू आहे. पाच वर्षांच्या हळव्या मुलाला त्या कथेतील मातृप्रेमापेक्षा "माझी आई मरेल का?" हाच प्रश्न रात्रभर छळू शकतो. तोच चित्रपट दहाव्या-बाराव्या वर्षी, आईच्या शेजारी बसून पाहिला, तर आयुष्यभराची शिदोरी ठरतो. पौराणिक चित्रपटांचेही तसेच आहे. प्रल्हादाची भक्ती मोठ्यांना दिसते. खांब फोडून प्रकटणारा नृसिंह बालकाला आधी दिसतो.

याच जिल्ह्यातील पंढरपूरची पार्श्वभूमी असलेला, परेश मोकाशी दिग्दर्शित 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) हा दुसऱ्या प्रकारचा नमुना आहे. सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला विभागून मिळाला. त्यात राक्षस नाही, मारामारीचा थाट नाही. घरची अडचण निवारण्यासाठी आणि आपली लाडकी सायकल वाचवण्यासाठी यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडणारी मुले त्यात आहेत. तरीही कर्जापायी घरातील वस्तू जाण्याची धास्ती या कथेच्या मुळाशी आहे. ज्या घरात कर्जाची चिंता रोज बोलली जाते, त्या घरातील मुलाला ही कथा परकी राहत नाही. मुलाच्या आयुष्याशी कथा जितकी जवळची, तितकी ती मनाला अधिक भिडते. म्हणून असा चित्रपटही थोरल्यांनी आधी पाहावा आणि शाळकरी मुलांना सोबत बसून दाखवावा.

प्रमाणपत्राचा उपयोग आणि मर्यादा

चित्रपटांचे प्रमाणीकरण १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ अधिनियमानुसार होते. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए' या वर्गात ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन वयोगट करण्यात आले. इंटरनेटवरून चित्रपट व मालिका पुरविणाऱ्या सेवांनाही २०२१ च्या नियमांनुसार असेच वयोगट दर्शवावे लागतात आणि १३ वर्षे व त्यावरील वर्गांसाठी पालकांच्या हाती कुलूप द्यावे लागते. ही सोय प्रत्येक पालकाने वापरावी. परंतु दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. यूट्यूबसारख्या ठिकाणी कोणीही चित्रफीत प्रसिद्ध करू शकतो. तिला पूर्वप्रमाणपत्र लागत नाही. शिवाय प्रमाणपत्र वयासाठी असते, स्वभावासाठी नसते. आपल्या मुलाचा स्वभाव केवळ घरच्यांना आणि शिक्षकांना ठाऊक असतो.

वेळेबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मार्गदर्शन केले आहे. एक वर्षाच्या आतील बालकांना पडद्यापासून दूर ठेवावे, एक वर्षाच्या बालकासाठीही पडद्याची शिफारस नाही आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाहून अधिक वेळ नसावा. कमी असल्यास उत्तमच, असे त्यात म्हटले आहे.

निवड कशी करावी?

घरातील कोणालाही पाळता येतील अशा काही गोष्टी पुढीलप्रमाणे आहेत :

(१) मुलाला दाखवण्यापूर्वी चित्रफीत स्वतः शेवटपर्यंत पाहावी. सुरुवात गोड असणे पुरेसे नाही.

(२) तात्पर्य काय आहे, यापेक्षा चेहरे, रंग आणि आवाज कसे आहेत, हे पाहावे. संथ गती, ओळखीची माणसे, पशुपक्षी, शेतीभाती, आगगाडी, वस्तू घडवण्याची कामे, बडबडगीते हे विषय हळव्या मुलाला सहसा मानवतात.

(३) आवाज कमी ठेवावा. भीतीचा मोठा भाग पार्श्वसंगीतात असतो.

(४) झोपेच्या आधी काही दाखवू नये. आपोआप पुढे सरकणाऱ्या चित्रफितींची सोय बंद करून ठेवावी.

(५) मुलाने तीच चित्रफीत पुन्हा पुन्हा मागितली, तर कंटाळू नये. पुढे काय होणार हे ठाऊक असण्यात त्याला आधार वाटतो.

(६) मुलाला एकटे बसवू नये. हाती मोबाइल देऊन दूर जाण्यापेक्षा दहा मिनिटे शेजारी बसून पाहणे अधिक मोलाचे आहे.

मूल घाबरले तर

कान झाकणे, पाठीमागे सरकणे, "आता काय होणार?" असे सारखे विचारणे या पहिल्या खुणा होत. त्या दिसताच चित्रफीत थांबवावी, मुलाला जवळ घ्यावे, पाणी द्यावे, उजेडात आणावे. चार-पाच वर्षांच्या मुलाला "हे खोटे आहे" असे समजावून फारसे साध्य होत नाही. जवळ घेतल्याने आणि ओळखीच्या कामात गुंतवल्याने ते लवकर शांत होते. भय शमल्यावर त्याला हवे तर त्याचे चित्र काढू द्यावे, बोलू द्यावे. झोप उडणे, अंथरूण ओले करणे किंवा शाळेत जाण्यास नकार देणे असे प्रकार काही आठवडे टिकून राहिले, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

सात-आठ वर्षांनंतर मात्र समजावण्याचा उपयोग होतो आणि मुखवट्यामागचा माणूस दाखवता येतो. दादासाहेब फाळके यांनी 'कालिया मर्दन' (१९१९) या मूकपटाच्या प्रारंभी कृष्णाची भूमिका करणाऱ्या सात वर्षांच्या मंदाकिनीचे, म्हणजे स्वतःच्या कन्येचे, हावभाव दाखवले आहेत. प्रेक्षकांना आधी मुलगी दिसते आणि मग तिचाच कृष्ण होतो. अमेरिकेत फ्रेड रॉजर्स यांनीही १९७५ साली आपल्या बालकार्यक्रमात एका प्रसिद्ध चित्रपटात चेटकीण झालेल्या अभिनेत्री मार्गारेट हॅमिल्टन यांना बोलावले. त्यांनी तो वेश मुलांसमोर एकेक करून अंगावर चढवला.

केमसारख्या गावातील शिक्षकाला तर याहून सोपे साधन हाताशी आहे. हळदीच्या पाण्यात खाण्याच्या चुन्याची चिमूट टाकली की पिवळे पाणी लालभडक होते. चुना मुलांच्या हाती न देता शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात स्वतः करून दाखवावा आणि पडद्यावरचे रक्त असेच रंगाचे असते, हे सांगावे. डोळ्यांनी पाहिलेले मुले विसरत नाहीत.

शाळा, अंगणवाडी आणि ग्रामपंचायत

बालशिक्षणाच्या क्षेत्रात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी मुलांच्या जगातून भय दूर करण्याचा आग्रह धरला. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा साधने तुटपुंजी होती. मुलाकडे पाहण्याची दृष्टी मात्र स्वच्छ होती. आज अनेक शाळांत मोठे पडदे आले आहेत. त्यावर काही दाखवण्यापूर्वी शिक्षकांनी ते पाहून घ्यावे आणि ज्या मुलाला बाहेर बसायचे असेल, त्याला कोणी हसणार नाही याची दक्षता घ्यावी. अंगणवाडी सेविकांनी माता-मेळाव्यात हा विषय मांडावा. यात्रा किंवा गणेशोत्सवात ग्रामपंचायतीच्या पटांगणावर चित्रपट दाखवला जातो, तेव्हा तो कोणत्या वयोगटासाठी आहे हे फलकावर आणि ध्वनिक्षेपकावरून आधी जाहीर करावे. लहान मुलांसाठी सायंकाळी लवकर स्वतंत्र खेळ ठेवावा.

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. आधी पाहणे, शेजारी बसणे आणि घाबरलेल्या मुलाला न हसणे एवढ्या तीन गोष्टी पुरेशा आहेत. ज्या घरात आणि ज्या गावात मूल "मला भीती वाटते" असे संकोच न करता सांगू शकते, तेथेच ते पुढे धीटही होते.