शेतात राबणाऱ्याचेही रक्त तपासा

प्रश्न : खमरियाच्या कारखान्यातून निवृत्त होऊन रांझीत राहतो. गावाकडे शेतात राबणारा धाकटा भाऊ म्हणतो, कोलेस्टेरॉल हे शहरी दुखणे. खरे का?

उत्तर : नाही. महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड इथल्या शहरांची व खेड्यांची ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. ७९ टक्के लोकांच्या रक्तातील चरबीचा किमान एक घटक बिघडलेला निघाला. एकूण कोलेस्टेरॉल मात्र १३.९ टक्क्यांचेच वाढलेले होते, ७२.३ टक्क्यांत एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, कमी होते.

म्हणूनच एकूण आकडा पाहून निर्धास्त होणे घातक आहे. ताटभर भात, गोड चहा, दारू यांनी ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील चरबीचा आणखी एक घटक, चढते. बिडीने एचडीएल घसरते. अंगमेहनत उपयोगी, पण पुरेशी नाही.

भावाची पूर्ण लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातील चरबीच्या घटकांची तपासणी, करून घ्या. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर स्वतःचीही.