हिवाळी प्रवासाची आखणी : जबलपूर ते सांची

जबलपूर हे जुने रेल्वे जंक्शन होय. अलाहाबादकडून व मुंबईकडून आलेले लोहमार्ग १८७० साली येथे एकमेकांस मिळाले आणि मुंबई ते कलकत्ता असा सलग रेल्वेप्रवास शक्य झाला.

जबलपूरच्या एखाद्या कुटुंबास हिवाळ्यात पचमढी, भोपाळ व सांची पाहावयाची आहेत, असे समजू. रेल्वेने पिपरिया, तेथून सुमारे ५० किलोमीटर बसने पचमढी, पुन्हा पिपरियास येऊन इटारसीमार्गे भोपाळ आणि पुढे सांची, असा हा क्रम होय. नकाशावर तो सोपा दिसतो. परंतु वेळापत्रक ऋतूकडे पाहूनच वाचावे लागते.

डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानात दाट धुके पडते. सिग्नल नीट न दिसल्याने चालकास वेग कमी करावा लागतो. उशिरा पोहोचलेले डबेच परतीच्या गाडीस लागले, तर तीही उशिरा सुटते. त्यामुळे जबलपुरात स्वच्छ ऊन असतानाही उत्तरेकडून येणारी गाडी कित्येक तास मागे असू शकते.

म्हणून गाडी किती वाजता येते याबरोबरच ती कोठून निघते, हेही पाहावे. शक्यतो जबलपूरहूनच सुटणारी गाडी निवडावी. पिपरियास दुपारपूर्वी पोहोचावे. दिवस लहान असतो आणि घाटातील शेवटची बस चुकल्यास मुक्काम अटळ होतो. परतताना एक दिवस मोकळा राखावा. तो वाया गेल्यासारखा वाटला, तरी कामावर वेळेवर रुजू होण्याची शाश्वती त्या एका दिवसातच असते.