विजेच्या आवरणाची पारख

तापी व पूर्णा यांचा संगम मुक्ताईनगर तालुक्यांत चांगदेव येथें होतो. या भागांतील केळीच्या बागांना विजेचे पंप पाणी पुरवितात. पंपाच्या केबलचें आवरण बिघडलें, तर बाग तर सुकतेच; पण ओल्या जमिनींत वीज उतरून माणसांच्या व गुरांच्या प्राणांवर बेततें. म्हणून आवरणाची पारख कशी करावी, हें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

या कामीं मेगर नांवाचें यंत्र वापरतात. हें नांव लंडनच्या एव्हरशेड आणि व्हिनोल्स या कारखान्यानें १९०३ सालीं नोंदविलें. यंत्र बहुधा ५०० व्होल्टांचा दाब देतें व झिरपणाऱ्या प्रवाहावरून आवरणाचा रोध मेगओहममध्यें, म्हणजे दहा लक्ष ओहमांच्या मापानें, दाखवितें.

परंतु टोकावर धूळ व ओल असल्यास प्रवाह आवरणाच्या आंतून जातो, तसाच पृष्ठभागावरूनही जातो. समजा, आंतील रोध १०० व पृष्ठभागाचा २५ मेगओहम आहे. तर आंतून ५ व वरून २० मायक्रोअँपिअर जातील. यंत्र दोन्ही मिळून २५ मोजील आणि २० मेगओहम दाखवील. चांगली केबल वाईट ठरेल!

यावर उपाय म्हणजे यंत्राचें गार्ड नांवाचें तिसरें अग्र. प्रथम केबल पुरवठ्यापासून व मोटारीपासून सोडवावी. दूरचें टोक स्वच्छ, कोरडें व त्यांतील तारा सुट्या ठेवाव्या. एक तार लाइन अग्रास व उरलेल्या अर्थ अग्रास जोडाव्या. पहिल्या तारेच्या आवरणावर, उघड्या तांब्यापासून थोडें दूर, बारीक तांब्याच्या तारेचे दोनतीन वेढे घट्ट गुंडाळून ते गार्डला जोडावे.

गार्ड व लाइन यांवरील दाब जवळजवळ सारखा असल्यामुळें त्यांच्यामध्यें प्रवाह वाहत नाहीं. पृष्ठभागावरून येणारा प्रवाह वेढ्यांत शिरतो व मोजणाऱ्या वेटोळ्यास वगळून परत जातो. पाटाच्या बांधांतून पाझरणारें पाणी मोजतांना वरून सांडणारें पाणी चारीनें बाजूस काढावें, तसेंच हें. आतां वेटोळ्यांतून ५ मायक्रोअँपिअरच जातात व यंत्र १०० मेगओहम दाखवितें.

गार्डमुळें आंकडा वाढला, तर दोष पृष्ठभागाचा. टोक पुसून कोरडें करावें. कारण गार्ड मळ मोजणींतून वगळतो, मळ नाहींसा करीत नाहीं. आंकडा कमीच राहिला, तर दोष आवरणाचा. तो दुरुस्त झाल्यावांचून पंप सुरू करूं नये. चांचणीनंतर केबलमध्यें सांठलेली वीज उतरवूनच तिला हात लावावा. मोजमाप करतांना आपण नेमकें काय मोजीत आहों, हें प्रथम जाणणें, हाच या पाठाचा सार होय.