ग्रंथाचा हक्क आणि विद्यार्थ्याची गरज

पदव्युत्तर वर्गात एकेका विषयासाठी अनेक ग्रंथांतील निवडक प्रकरणे नेमलेली असतात. ते सर्व ग्रंथ विकत घेणे सामान्य विद्यार्थ्यास परवडत नाही आणि ग्रंथालयातील एक-दोन प्रती साऱ्या वर्गास पुरत नाहीत. अशा वेळी नेमलेल्या प्रकरणांच्या छायाप्रती बांधून संच तयार केला, तर लेखक-प्रकाशकांच्या स्वामित्वहक्काचा, म्हणजेच कॉपीराइटचा, भंग होतो काय?

कॉपीराइट अधिनियम, १९५७ अन्वये ग्रंथावरील हक्क लेखकाच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्याच अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये मात्र हक्कभंग न ठरणाऱ्या कृती सांगितल्या आहेत. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने अथवा विद्यार्थ्याने काढलेली प्रत ही त्यांपैकी एक होय.

या तरतुदीची कसोटी दिल्लीत लागली. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठ व त्याच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस यांच्याविरुद्ध उच्च न्यायालयात दावा लावला. विद्यार्थ्यांच्या संघटनेनेही त्यात आपली बाजू मांडली. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. ग्रंथालयात बसून हाताने उतरवून घेणे जर गैर नाही, तर तेच काम यंत्राने केल्याने ते गैर ठरत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता.

९ डिसेंबर २०१६ रोजी द्विसदस्य खंडपीठाने अपिलावर निर्णय देताना पानांची संख्या ही कसोटी मानली नाही. अध्यापनाच्या हेतूसाठी जेवढे आवश्यक, तेवढे घेता येते, असे स्पष्ट केले. तथापि, संचांतील मजकूर त्या हेतूसाठी खरोखर आवश्यक होता काय, तसेच संपूर्ण ग्रंथांच्या प्रती काढणे उचित होते काय, हे पुराव्याने ठरविण्यासाठी प्रकरण परत पाठविले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. त्यामुळे ही चौकशी अपुरी राहिली.

यातून शिक्षणसंस्थांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. सवलत अध्यापनासाठी आहे, ग्रंथविक्रीस पर्याय म्हणून नव्हे. संचातील प्रत्येक प्रकरण अभ्यासक्रमात नेमलेले असावे, त्यावर लेखकाचे व ग्रंथाचे नाव असावे आणि मूळ ग्रंथ ग्रंथालयाने अवश्य विकत घ्यावा. लेखकाच्या श्रमाचे मोल राखूनही गरीब विद्यार्थ्याच्या हाती पाठ्यसामग्री देता येते. कायद्याने तो मार्ग मोकळा ठेवला आहे.