वीज साठवायची की वापराची वेळ बदलायची?



‘धरणात वीज साठवतात’ असं मुलं सहज लिहून जातात. त्यावर नुसती लाल रेघ मारू नका. यातूनच एक चांगला पाठ उभा राहतो. धरणात साठतं ते पाणी. तारांमध्ये विजेचा साठा होत नाही. आपण बटण दाबतो त्याच क्षणी कुठेतरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. हा मेळ बसला की वारंवारता ५० हर्ट्‌झच्या आसपास राहते. मागणी निर्मितीच्या पुढे गेली की ती घसरते. फारच घसरली तर सगळी यंत्रणा कोलमडू नये म्हणून काही भागांची वीज तोडावी लागते.

आता सौरऊर्जेचं बघा. दुपारी भरपूर, पण संध्याकाळी सातला घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही लागतात तेव्हा काहीच नाही. ही दरी भरायची कशी?

पहिला उपाय साठ्याचा. त्याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. कोयनेचं पाणी सह्याद्रीतल्या बोगद्यांतून चिपळूण तालुक्यात पोफळीला उतरतं. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट. इथली जनित्रं काही मिनिटांत पूर्ण जोर धरतात. पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे, म्हणून ते मुख्यतः जास्त मागणीच्या वेळेसाठी राखतात. पण वाशिष्ठीत गेलेलं पाणी परत वर येत नाही. घाटघरच्या २५० मेगावॅट प्रकल्पात मात्र जादा वीज असेल तेव्हा पाणी पुन्हा वर चढवतात. मोठ्या बॅटऱ्या हेच काम रसायनांच्या मदतीने करतात, आणि तेही क्षणार्धात.

पण साठवणीत घट येतेच. पाणी चढवायला लागलेल्या विजेपैकी साधारण तीन-चतुर्थांशच परत मिळते. म्हणून दुसरा उपाय स्वस्त: वापराची वेळच बदलायची. बागेचा पंप संध्याकाळऐवजी दुपारी चालवला, तर तेवढी वीज साठवावीच लागत नाही. महाराष्ट्रात मोठ्या उद्योगांना वेळेनुसार वेगळा दर लागतो, तो याचसाठी.

एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. वादळात खांब पडला, तर दूरच्या बॅटरीचा आपल्याला उपयोग नाही. तिथे गावातला किंवा घरातला साठाच कामी येतो.

उपक्रम: मुलांना घरातल्या उपकरणांचे दोन रकाने करायला सांगा, ‘थांबू शकतं’ आणि ‘थांबू शकत नाही’. पंप, इस्त्री, वॉशिंग मशीन पहिल्यात येतील. आजारी माणसाचं ऑक्सिजन यंत्र कुठे जाईल, हे मुलं न विचारता सांगतील. पहिल्या रकान्याने थोडं थांबायचं ते दुसऱ्यासाठी, एवढं कळलं की पाठ झाला.