यादीची पारख

नाशिकच्या भांडी बाजारात तांब्याची घागर घ्यावयास आलेली गृहिणी दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहत नाही. ती घागर उचलते, उजेडात धरून तिचा तळ न्याहाळते आणि बोटाच्या पेराने टिचकी मारून तिचा नाद ऐकते. नाद खणखणीत आला, तरच पुढे भावाची बोलणी. ग्रंथातील माहितीही अशीच वाजवून घ्यावयास हवी. परंतु छापील अक्षर समोर आले की आपण टिचकी मारावयाचे विसरतो. त्यातून ती माहिती यादीच्या रूपाने दिलेली असेल, तर मग विचारावयासच नको. आखलेल्या रेघा, पाडलेले रकाने, क्रमाने लावलेली वर्षे! एवढ्या नीटनेटक्या कोष्टकात चूक कोठे लपणार, असे आपणांस वाटते.

आज आपण अशीच एक यादी वाजवून पाहू. समजा, नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात तुम्ही एखादा कोश उघडून बसला आहात आणि त्यात पुढील मथळा दिसतो : 'राष्ट्रीय फुटबॉल साखळी स्पर्धा जिंकणाऱ्या संघांचे व्यवस्थापक'. डावीकडे वर्ष, मध्ये संघ आणि उजवीकडे व्यक्तीचे नाव.

पहिली टिचकी मथळ्यावरच मारावी. 'व्यवस्थापक' हा शब्द येथे कोठून आला? इंग्लंडमध्ये फुटबॉल संघाचा जो 'मॅनेजर' असतो, तो खेळाडू निवडतो, त्यांना शिकवतो आणि सामन्याचे डावपेच ठरवतो. आपल्याकडे मात्र संघाचा व्यवस्थापक म्हटला की आगगाडीची तिकिटे काढणारा, मुक्कामाची आणि जेवणाची सोय पाहणारा गृहस्थ डोळ्यांसमोर येतो. त्याचे काम हलके नव्हे. पण ते वेगळे आहे. तेव्हा मराठीत 'प्रशिक्षक' हाच शब्द योग्य. शब्दकोशातला पहिला अर्थ उचलून ठेवल्याने सबंध यादी भलत्याच माणसांची होऊन बसते.

आता मथळ्यातील 'राष्ट्रीय साखळी स्पर्धा' पाहा. ही कोणती स्पर्धा? १९९६-९७ मध्ये 'नॅशनल फुटबॉल लीग' सुरू झाली. पंजाबातील फगवाड्याचा जेसीटी हा संघ तिचा पहिला विजेता. २००७-०८ पासून तिच्या जागी 'आय-लीग' आली. गोव्याच्या डेंपो संघाने आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली जुनी स्पर्धा २००४-०५ आणि २००६-०७ मध्ये, तर नवी २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ मध्ये जिंकली. दोन्ही स्पर्धा एकच मानल्या तर कुलासोंची विजेतेपदे पाच. वेगळ्या मानल्या तर आय-लीगच्या यादीत तीनच! माणूस तोच, पराक्रम तोच, आणि आकडे दोन. दोन्ही आकडे खरे असू शकतात. परंतु आपण काय मोजले आहे, हे यादीकाराने आरंभीच सांगितले पाहिजे. (त्यांचे आडनाव मूळ पोर्तुगीज वळणाचे असल्याने कोणी 'कुलासो' लिहितो, कोणी 'कोलासो'. कोशात शोधताना दोन्ही पाने उलटून पाहावीत.)

काही ओळींवर टिचकी मारली तर नाद स्वच्छ येतो. उदाहरणार्थ, २००५-०६ मध्ये मुंबईच्या महिंद्र युनायटेड संघाने हे विजेतेपद मिळवले आणि त्याचे प्रशिक्षक होते डेरिक परेरा. तेथे वादाला जागा नाही. पण २०१२-१३ च्या ओळीपाशी थांबा. त्या वर्षी गोव्याचा चर्चिल ब्रदर्स संघ विजयी झाला. त्याचे मुख्य प्रशिक्षक होते मारियानो डायस. परंतु त्याच संघात सुभाष भौमिक हे तांत्रिक संचालक या पदावर होते. याच भौमिकांनी पूर्वी ईस्ट बंगाल संघाला २००२-०३ आणि २००३-०४ ही दोन विजेतेपदे मिळवून दिलेली. मग तिसरे त्यांच्या खात्यावर मांडावे काय? यादीचा रकाना 'मुख्य प्रशिक्षक' असा असेल, तर तेथे डायस यांचेच नाव हवे. तथापि भौमिकांचा उल्लेख खाली टीप देऊन केला नाही, तर वाचकाला अर्धेच सत्य कळेल.

सर्वांत अवघड ओळ २०१९-२० ची आहे. २०१४ साली 'इंडियन सुपर लीग' ही आणखी एक स्पर्धा सुरू झाली होती. २०१९-२० पासून तिच्यातील साखळी सामन्यांत अग्रस्थान मिळवणाऱ्या संघाला ढाल देण्याची पद्धत पडली. ती पहिली ढाल जिंकली एफसी गोवा संघाने. त्यामुळे आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत प्रवेश मिळवणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. आता उजवीकडच्या रकान्यात नाव कोणाचे लिहाल?

संघाला अग्रभागी आणून ठेवले होते स्पेनच्या सेर्जियो लोबेरा यांनी. पण अठरापैकी तीन सामने उरले असता संघचालकांनी त्यांना पदावरून दूर केले. धुरा आली क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे. हे गोव्याचेच सुपुत्र आणि कुलासोंच्या डेंपो संघातील जुने खेळाडू. पद हंगामी आणि वेळ आणीबाणीची. तरी त्यांच्या हाताखाली संघाने तिन्ही सामने जिंकले. शेवटच्या सामन्यात जमशेदपूरवर पाच गोल चढवून एकही घेतला नाही. ढाल उचलली गेली तेव्हा लोबेरा तेथे नव्हते.

एका वाड्याच्या भिंती एकाने उभारल्या आणि छपराची कौले दुसऱ्याने घातली, तर वाडा कोणाचा म्हणावा? केवळ लोबेरांचे नाव लिहिणे हे मिरांडांवर अन्यायाचे. केवळ मिरांडांचे लिहिणे हे पंधरा सामन्यांचे कष्ट पुसून टाकणारे. माझ्या मते दोन्ही नावे लिहावीत आणि प्रत्येकापुढे सामन्यांची संख्या द्यावी. रकाना अरुंद आहे ही सबब चालावयाची नाही. रकाना माणसासाठी असतो.

हा पेच आपल्याच देशात पडतो असे नाही. लंडनच्या आर्सेनल संघाचे विख्यात मॅनेजर हर्बर्ट चॅपमन जानेवारी १९३४ मध्ये, हंगाम अर्ध्यावर असतानाच निवर्तले. उरलेला हंगाम जो शॉ यांनी निभावला आणि विजेतेपद आर्सेनललाच मिळाले. त्या वर्षाच्या ओळीला टिपेवाचून गत्यंतर नाही.

आणखी एक गाठ उरते. सुपर लीगमध्ये त्या काळी साखळीतील अग्रस्थानासाठी ढाल, तर त्यानंतरच्या बाद फेऱ्यांच्या विजेत्याला करंडक मिळत असे. २०२०-२१ मध्ये मुंबई सिटी संघाने दोन्ही जिंकले, आणि प्रशिक्षक होते तेच लोबेरा. पण २०२२-२३ मध्ये ढाल मुंबई सिटीकडे आली आणि करंडक कोलकात्याच्या एटीके मोहन बागानकडे गेला. एकाच वर्षी विजेते दोन! यादीत एकच नाव दिसले आणि कारण दिलेले नसले, तर ती घागर बद्द वाजते असे समजावे.

मिरांडा यांचे पुढे काय झाले, अशी उत्सुकता तुम्हांला वाटली असेल. २०२३ साली ओडिशा एफसी संघाची धुरा पुन्हा हंगामी म्हणूनच त्यांच्याकडे आली, आणि त्या संघाने सुपर कप जिंकला. त्या करंडकाच्या यादीत उजवीकडच्या रकान्यात त्यांचे एकट्याचेच नाव आहे.

शब्दार्थ : पारख – परीक्षा; विसंबणे – भरवसा ठेवणे; धुरा – जबाबदारी; हंगामी – तात्पुरता; गत्यंतर – दुसरा उपाय; बद्द – फुटक्या भांड्यासारखा.

स्वाध्याय
१. 'व्यवस्थापक' आणि 'प्रशिक्षक' यांतील फरक स्पष्ट करा.
२. कुलासोंच्या विजेतेपदांचे दोन वेगवेगळे आकडे कसे संभवतात?
३. २०१९-२० च्या ओळीत तुम्ही कोणाचे नाव लिहाल? सकारण सांगा.
४. आपल्या शाळेच्या खो-खो संघाच्या गेल्या दहा वर्षांतील कर्णधारांची यादी करा. जेथे शंका असेल तेथे टीप द्या.