मन लागत नाही तेव्हा

पहाटे साडेचारला नळ येतो. पाणी भरायचे, डबे करायचे, चार घरची धुणीभांडी उरकून दुपारी परतायचे, पुन्हा चूल. वस्तीतल्या बैठकीत एका ताईंना आम्ही विचारले, यातले तुम्हाला काय आवडते? त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आवडायला वेळ कुठाय? आणि आता तर काही आवडतच नाही."

त्यांचे शेवटचे वाक्य आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटले. दमणे वेगळे. पूर्वी गोड लागणारे आता बेचव होणे वेगळे. उदास वाटणे किंवा कशातच रस नसणे हे बहुतेक दिवस, दिवसभर, दोन आठवडे टिकले आणि सोबत झोप, भूक बिघडली, तर ते नैराश्य असू शकते. हा आजार आहे. त्यात आळस नाही आणि बाहेरची बाधाही नाही. मात्र आधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल (गरोदर नसलेल्या बाईचे १२ च्या खाली) किंवा थायरॉइडची तक्रार असेल, तरीही अंगातली आणि मनातली उमेद अशीच जाते.

आपण काय करतो? मन लागेल तेव्हा बाहेर पडू, बोलू, असे म्हणत थांबतो. या आजारात मन आधी लागत नाही. आधी हातपाय हलवावे लागतात, मन मागून येते. याच तत्त्वावर गोव्यातील 'संगथ' या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर अभ्यास केला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. बैठकाही सहा ते आठच. तीन महिन्यांनी त्यांच्याकडे गेलेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली हा अभ्यास छापून आला.

घरी करून पाहण्यासारखा भाग असा. मुलांच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर दिवसभरात जे केले ते लिहा. लिहिता येत नसेल तर लेकराला सांगा. प्रत्येक कामापुढे दहापैकी दोन गुण द्या, एक आनंदाचा, एक 'हे मी केले' या समाधानाचा. त्या ताईंनी पाणी भरण्याला दोन्ही शून्य दिले (योग्यच दिले!). भांडी घासण्याला आनंदाचा एक, पण समाधानाचे सात. का, विचारले तर म्हणाल्या, "त्याच पैशांतून पोरीची नर्सिंगची फी जाते." नातवाला बाराखडी घोकून घेण्याला दोन्ही आठ. आणि हे त्या आठवड्यातून एकदाच करत होत्या.

मग पुढच्या आठवड्यात ते काम रोज संध्याकाळी सातला ठरवले, मन असो वा नसो, दहा मिनिटे. शेजारणीसोबत उंबऱ्यावर चहा, तेलाच्या डब्यातला मोगरा, रविवारी विहारात जरा लवकर जाऊन बसणे, ज्याला गुण जास्त त्याला वेळ बांधून द्यायची. एका वेळी एकच वाढवा. पहिले काही दिवस काहीच वाटणार नाही, तरी सोडू नका.

पुरुष मंडळींनीही वही घालावी. दारूला पहिल्या तासाचे गुण आणि दुसऱ्या सकाळचे गुण वेगवेगळे लिहावेत, एवढेच सुचवतो.

तुंबलेले गटार आणि थकलेला पगार यांवर वही हा इलाज नाही. त्यासाठी वॉर्ड ऑफिस आणि मालकाशीच भांडावे लागते. 'आनंदी राहा' असे नुसते सांगणाऱ्यांचा आम्हालाही राग येतो. पण उमेद असली तर अर्ज घेऊन चार बायका निघतात, हे आम्ही पाहिले आहे.

दोन आठवड्यांत फरक नसेल तर सरकारी दवाखान्यात जा. गोळ्या सुरू झाल्या तर त्या स्वतःहून बंद करू नका. जीव नकोसा वाटतो असे कोणी म्हणाले, तर त्या माणसाला एकटे सोडू नका, घरातले विषारी औषध हलवा आणि १४४१६ वर फोन लावा. ही सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे. ती मोफत आणि चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येते.